घरं हवीत, फक्त आमच्या गल्लीत नकोत

बऱ्हाणपूरला जायचं ठरवलं ते कुंडी भंडारा आणि मावा जलेबीसाठी. पण तिथल्या मामांना फोन केला आणि सहलीचा पार बट्ट्याबोळ झाला. मामा बँकेतून निवृत्त झाल्यापासून स्वस्त घरांसाठीच्या कृती समितीचे अध्यक्ष आहेत. म्हणाले, "रविवारीच ये. समिती जागा बघायला निघणार आहे, तुला फुकटात अख्खं गाव दिसेल." फुकट म्हटल्यावर मी कशाला सोडते?

नाशिकहून थेट गाडी आहे. स्टेशन लालबागला आणि मामांचा बंगलाही तिथेच, त्यामुळे रिक्षावाल्याशी घासाघीस वाचली. कुंडी भंडारा, म्हणजे मुघलांच्या काळातली जमिनीखालची पाण्याची सोय, जवळच आहे. तुम्ही उतरल्या उतरल्या बघून घ्या, माझा राहिला.

समितीने जीप ठरवली होती. मामा, त्यांचे दोन मित्र, मी आणि चिटणीस सरिता. सरिता सिंधीपुऱ्यातल्या शाळेत शिकवते आणि तिथेच आईबरोबर भाड्याच्या खोलीत राहते. मालक खोली पाडून दुकानं काढणार आहे, दिवाळीपर्यंत सोडायची. तिच्या पगारात गावात दुसरी खोली मिळेना. म्हणजे भरल्या जीपमध्ये घराची गरज एकटीला, बाकीचे बंगलेवाले. निवेदनं ती लिहायची, भाषणं मामा ठोकायचे.

पहिला मुक्काम सिंधीपुरा. यंत्रमागांच्या खडखडाटात एका पडीक गोदामापाशी उभे राहिलो. शेजारचे व्यापारी धावत आले. "आमचा फुल सपोर्ट आहे साहेब. लेकिन गल्ल्या बघा ना किती छोट्या. नदीपार मोकळं आहे." आणि आम्हाला मावा जलेबी खिलवून वाटेला लावलं. ही जलेबी काळपट, जाडजूड, खव्याची असते. एकीत पोट भरतं, मी तीन खाल्ल्या.

पूल ओलांडून जैनाबादला गेलो. तापीकाठच्या केळीच्या बागा बघून डोळे निवले. तिथल्या एका बागायतदारांनी चहा पाजला. "घरं व्हायलाच पाहिजेत भाऊ, गरिबांनी जायचं कुठे? पण इथे केळी आहे. थोडं पुढे बघा." पुढे, बागा संपल्यावर, एक उजाड माळ लागला. रस्ता नाही, पाणी नाही, बस नाही आणि हरकत घ्यायला शेजारीही नाहीत. मामांना तो बघताक्षणी आवडला. हवा किती शुद्ध, म्हणाले. हा माळ आधी शहरात सामील करून घ्यावा आणि मग घरं बांधावीत, असा ठराव तिथेच उभ्या उभ्या पास झाला.

"काका, इथून मी शाळेत कशी जाणार? आणि आईला दवाखान्यात?" सरिताने विचारलं.

"अगं, वस्ती झाली की बस येतेच," मामा म्हणाले. घरात दोन गाड्या असलेल्या माणसाचा बसवर केवढा विश्वास.

जेवायला मामांकडे परतलो. वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मामींच्या हाताला तोड नाही. पण सरिता मामांच्या गल्लीच्या तोंडाशी, बंगल्यासमोरच थांबली. तिथे चांगला ऐसपैस सरकारी प्लॉट मोकळा पडलेला होता आणि त्यावर गल्लीतल्या सगळ्यांच्या गाड्या.

"काका, सगळीकडे फिरलो. लेकिन ही जागा राहूनच गेली ना."

मामांनी चष्मा पुसला. "तसं नाही गं. पण इथला माहोल बघावा लागतो. आणि गाड्या कुठे लावायच्या?"

"मुलगी चुकीचं काय बोलतेय?" मामी दारातून म्हणाल्या.

"तू भरीत वाढ," मामा म्हणाले.

सरिता जेवली नाही. आई वाट बघत असेल म्हणून निघून गेली. माझा जीव तुटला तिच्यासाठी. मामांचा रागही आला, पण भाकरी मात्र मी दोनदा मागून घेतली.

नाशिकला येऊन महिना झाला. लोक विचारतात, बऱ्हाणपूर कसं आहे? माणसं अगत्याची आहेत, दोन दिवस पुरतात, खर्च बेताचा, जरूर जा.

परवा मामांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. समितीने सरिताचा सत्कार केला. खांद्यावर शाल, हातात नारळ. मागे टेम्पो उभा, त्यात पलंग, शिलाई मशीन आणि पुढच्या सीटवर तिची आई. तिला खंडव्याला नोकरी आणि खोली मिळाली. खाली मामांनी लिहिलंय, 'सरिताताईंच्या जाण्याने चळवळीची मोठी हानी झाली आहे.'