समासात सही करू नये

आमच्या शाळेच्या इतिहास मंडळात आम्ही तिघंच आहोत: सानिया, ओंकार आणि मी. वर आमचे इतिहासाचे सर. एवढ्याशा माणसांत किस्से कसे साचतात, हे मला कळत नाही. कुणी मुद्दाम काही करत नाही, तरी आठवड्याला दोन ठरलेले! यंदाचे सगळे एकाच पेपरमुळे झाले.

* * *

सानियाचे नाना फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. शहागंजात राहतात. एकाहत्तरच्या लढाईच्या वर्षी जवानांसाठी निघणाऱ्या एका मराठी साप्ताहिकाचे अकरा अंक त्यांच्या ट्रंकेत आहेत. शाळेच्या प्रदर्शनासाठी आम्ही ते मागायला गेलो.

तीस जणांत एकच अंक यायचा. भांडणं नकोत म्हणून समासात सगळ्यांची नावं लिहिलेली असत. वाचून झालं की नावापुढे सही करायची आणि अंक पुढच्याला द्यायचा. एका अंकावर मात्र शेवटच्या नावापुढे जागा कोरी होती. नाव होतं दगडू, लासूर स्टेशनचा.

"त्याचा नंबर यायच्या आधीच तो गेला," नाना म्हणाले. "ही जागा अशीच राह्यली पाहिजे. कोण घेतं जिम्मा?"

ओंकारनं लगेच हात वर केला. नानांनी माझ्याकडे बोट केलं. "ही लई बोलत नाय. हिच्याकडं द्या."

मी मान हलवली. तिथंच फसले!

* * *

स्कॅन करायला म्हणून ओंकारनं अंक चिकलठाण्याला घरी नेले. दुसऱ्या दिवशी शाळेत आला तो दहाच घेऊन.

सानिया आणि मी धावत त्याच्या घरी गेलो. अकरावा अंक स्वयंपाकघरात फळीवर अंथरलेला होता आणि त्यावर मसाल्याचे डबे ओळीनं मांडलेले.

"इतका पिवळा पेपर!" त्याची आई म्हणाली. "मला वाटलं रद्दीच आहे. आणि मापात पण बसला बघ!"

पहिल्या पानावर हळदीचा डाग पडला होता. मी रडवेली होऊन नानांकडे गेले. त्यांनी अंक नाकाशी धरला.

"चांगलंय की! तेव्हा याला बंदुकीच्या ग्रीसचा वास यायचा."

* * *

सरांनी मुलाखतीसाठी प्रश्न काढले. पहिला प्रश्न: 'या वृत्तपत्रामुळे जवानांचे मनोबल कसे उंचावले?'

नाना म्हणाले, "पेपर यायचा दहा दिवस लेट. आम्ही लढून, झोपून, उठून बसलेलो. मग पेपर सांगणार की आम्ही लढतोय!"

"हे लिहू नकोस," सर मला हळूच म्हणाले. "बरं नाना, सर्वांत आधी कोणती बातमी वाचायचात?"

"हॉकीची."

सरांनी माझ्या हातातून वही घेतली आणि स्वतःच लिहिलं, 'देशाची.'

* * *

प्रदर्शनात पहिल्या तासात एका काकूंनी अकराही अंक चष्मा लावून तपासले. मला बरं वाटलं. इतकं बारकाईनं कुणी पाहिलं नव्हतं.

"राशिभविष्य कुठल्या पानावर असतं गं?" त्यांनी विचारलं.

त्यांच्यामागून एक गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे हा पेपर येत नाही. कुठल्या एजन्सीत सांगायचं?"

* * *

मग प्रमुख पाहुणे आले. मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले साहेब. दगडूचं नाव असलेला अंक मी काचेखाली ठेवला होता. पण फोटोत काच चमकते म्हणून ओंकारनं ती उचलली. तेवढ्यात साहेब वाकले. समासात नावं आणि सह्या दिसल्या. त्यांना वाटलं, अभिप्राय इथंच द्यायचा! त्यांनी पेन काढलं.

"नाही!" मी ओरडले. हॉलमध्ये सगळ्यांनी वळून पाहिलं.

तोवर दगडूच्या नावापुढे झोकदार सही झाली होती. खाली 'स्तुत्य उपक्रम!' ओंकारनं टाळ्याही वाजवल्या.

"माफ करा साहेब," सर म्हणाले, "एरवी ही मुलगी तोंडसुद्धा उघडत नाही."

कोपऱ्यात बसलेले नाना खुर्चीवरून उठले. चष्मा लावून त्यांनी ती जागा पाहिली. बराच वेळ पाहिली. मला त्यांच्याकडे बघवेना.

"साहेब, सही केली म्हणजे वाचला असंल."

"हो, हो. पाहिला ना."

"बघायचा नसतो. न वाचता सही केली की आमच्यात एकच सजा होती. उभं राहून, सगळ्यांसमोर, मोठ्यानं पूर्ण पेपर वाचायचा."

सर मध्ये पडले. "नाना, साहेबांना पुढे दुसरा कार्यक्रम आहे."

"दगडूला पण होता," नाना म्हणाले.

साहेबांनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा समासाकडे. मग घसा साफ केला आणि वाचायला लागले. लढाईच्या बातम्या, स्वेटर विणून पाठवणाऱ्या बायकांचे आभार, हॉकीचा निकाल. तिसऱ्या पानापर्यंत लोकांनी खुर्च्या ओढून घेतल्या होत्या. साहेबांनी काही गाळलं नाही. तळाला छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

मग रुमालानं कपाळ पुसत त्यांनी विचारलं, "सुभेदारसाहेब, नीट ऐकू आलं ना?"

"मला काय विचारता?" नाना म्हणाले. "माझं तर तेव्हाच वाचून झालंय."