आत्याचं डोकं

आत्या शिवणकाम करायची, आणि स्वच्छतेच्या बाबतीत कुणाचं ऐकून घ्यायची नाही. भाचीच्या डोक्यात उवा निघाल्या तेव्हा तिनं लाजेनं खिडक्या लावून घेतल्या आणि फणी उचलली. उवा जायच्या, पुन्हा यायच्या. खापर शाळेवर फुटायचं.

एकदा भाची म्हणाली, "आत्या, आपण डोक्याला डोकं लावून झोपतो. आता तू बस."

"माझ्या डोक्यात? काहीतरीच!" आत्या कडाडली, पण बसली. भाचीनं फणी फिरवली तशा मांडीवर पसरलेल्या अस्तराच्या पांढऱ्या कापडावर उवा पडल्या आणि आत्याचा चेहरा उतरला.

मग दोघींनी एकाच दिवशी औषध लावलं, लिखांतून नव्या निघतील म्हणून आठवड्यानं पुन्हा लावलं, ओले केस विंचरत राहिल्या. शेवटी अस्तर कोरं राहिलं. आत्यानं खिडक्या सताड उघडल्या, ते कापड फडकवलं आणि गल्लीला हाक दिली, "या गं बायांनो, आता तुमची डोकी बघते!"