धामणीची गाडी

डोमाजी मिस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं ते मोटार चालवताना. त्यांच्या शेजारच्या सीटवर माणूस नव्हता, पाण्याने काठोकाठ भरलेला पितळी गडवा होता. आलापल्लीच्या लाकूड डेपोत कारकून म्हणून रुजू होऊन मला जेमतेम दोन दिवस झाले होते. समोरून एक बसकी, टप नसलेली, दोनच माणसांची विलायती गाडी येत होती आणि तिची चाल मात्र बैलगाडीची होती. चालवणाऱ्याच्या डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, कानामागे सुतारी पेन्सिल, एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा गडव्यावर. डेपोच्या फाटकाशी गाडी थांबली. त्यांनी गडव्यात बोटं बुडवून पाहिली आणि मला, चक्क अनोळखी माणसाला, हिशेब दिल्यासारखं सांगितलं, "चार बोटं सांडलं. मांगच्या आइतवारी पाच सांडलं होतं."

मला वाटलं, माणसाचा एखादा स्क्रू ढिला असावा. मी वर्ध्याहून आलेला, मॅट्रिक झालेला, आणि त्या वयात मॅट्रिक झालेल्या माणसाला बाकीच्यांचे स्क्रू ढिलेच दिसतात.

गाडी मूळची डेपोवरच्या गोऱ्या साहेबाची. शर्यतीत पळवायची जात ती. स्वातंत्र्य आलं तसा साहेब जायला निघाला, तोवर गाडीची पार रया गेली होती. दार उघडलं की दारच हातात येई. बंगल्याची सुतारकी डोमाजींकडे होती, म्हणून साहेबाने त्यांनाच ती मोडून टाकायला सांगितलं. त्यांनी पत्रा उचकटला तर आत सगळा सांगाडा लाकडाचा, आणि उधईने पोखरलेला. "मले वाटे मोटर म्हंजे सारं लोखंड," ते सांगत. "आत पाह्यतो तं लाकूड. मनात म्हटलं, लोखंडाले मी भेतो, लाकडाले काऊन भेऊ?" त्यांनी मोडायच्या ऐवजी मागून घेतली. साहेब पोट धरून हसला आणि गाडीबरोबर तिचं इंग्रजी पुस्तकही देऊन गेला.

आलापल्लीत सागाला तोटा नाही. जो तो सांगत होता, साग घाल, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. डोमाजींनी साग घातला नाही. ते म्हणत, "साग साह्यबासारखा असते. ताठ. त्याले वाकवाले गेलं का तो मोडते, नाई तं तुमाले मोडते." त्यांनी धामणीचं लाकूड निवडलं, लवचीक, ज्याची कावड करतात. "कावड खांद्यावर वरखाली होते, पन मानूस हालत नाई. मले तसंच पायजे." डेपोच्या लॉरीचा ड्रायव्हर इंजिन खोलत असला की हे बाजूला उकिडवे बसून पाहत, आणि पाहून पाहून मोटारीचं कामही शिकले. घरामागच्या गोठ्यात म्हैस एका बाजूला आणि मोटार दुसऱ्या बाजूला, असा त्यांचा कारखाना होता.

हा खटाटोप कशासाठी चाललाय, ते मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. ओसरीवर खांबाला टेकून जनाबाई बसल्या होत्या, त्यांच्या पत्नी. सहा वर्षांपूर्वी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन नाल्याची दरड उतरताना त्यांचा पाय घसरला आणि पाठीचा मणका दुखावला. तेव्हापासून त्या अंगणापलीकडे गेल्या नव्हत्या. बैलबंडीत घालून न्यायचा प्रयत्न झाला होता, पण दहा पावलांत त्यांचा चेहरा पांढरा पडला. माहेर आष्टीच्या बाजूला, वैनगंगेच्या काठी, बारा-तेरा कोसांवर. आई म्हातारी, डोळ्यांनी अधू. तिला इकडे येणं शक्य नव्हतं. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच, आणि लेकीबाळी मंडईला माहेरी जातात. दर साली म्हातारी कुणाबरोबर तरी निरोप धाडायची, "जनीले म्हना, मंडईले येजो."

डोमाजी मला म्हणाले, "सायबानं हे पळवासाठी घेतली. मले पळवाची नाई, भाऊ. मले तिले न हालवता मायपाशी न्याची हाय."

त्यानंतर मी हसणं सोडलं आणि दर रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागलो. मोहाच्या झाडाखाली मी पुस्तक वाचून मराठीत सांगायचं आणि त्यांनी करायचं. माझं इंग्रजी कितपत होतं ते लवकरच दिसलं. एकदा नवी बॅटरी जोडायची होती; तिचं एक टोक 'अर्थ'ला जोडा, असं पुस्तकात होतं. मी सांगितलं, जमिनीला जोडा. डोमाजींनी लोखंडी साखळी आणली, एक टोक बॅटरीला आणि दुसरं धुळीत लोंबतं सोडलं. गाडी काही चालू होईना. चार दिवसांनी त्यांनी स्वतःच्या डोक्याने तेच टोक गाडीच्या लोखंडाला लावून पाहिलं, तर इंजिन फुरफुरलं. गाडीचं अंग हीच तिची जमीन, हे मला मागाहून एका मेकॅनिकने सांगितलं. साखळी मात्र त्यांनी काढली नाही, नुसती सांगाड्याला अडकवून ठेवली. "राहू द्या. पुस्तकाचा बी मान राह्यला पायजे." गावातली पोरं आवाजावरूनच ओळखायची की मिस्त्री आले.

बाकी डोक्याला त्यांच्या तोड नव्हती. शेजारची सीट त्यांनी टेबलाच्या खणासारखी केली. दोन गुळगुळीत पट्ट्यांवरून ती दारातून ओसरीच्या उंचीला बाहेर यायची, माणसाने जागच्या जागी सरकून बसायचं आणि मग अलगद आत ढकलायचं. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे शर्यतीचे, कडक. त्यातले दोन-दोन काढून त्यांनी धामणीच्या पट्ट्या घातल्या. सीटमध्ये सावरीचा कापूस भरला. आणि प्रत्येक बदल केला की गडवा भरून डेपोच्या फाटकापर्यंत फेरी. चार बोटांचं तीन झालं, तीनाचं दोन. दोन पावसाळे यात गेले. दुसऱ्या दसऱ्यानंतरच्या एका रविवारी त्यांनी फाटकाशी गाडी थांबवली, गडव्यात पाहिलं आणि गडवा माझ्या हातात दिला. पाणी होतं तिथंच होतं.

निघायच्या दोन दिवस आधी त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांचे मधले तुंबे, ज्यांच्या आट्यांवर चाकाचं नट बसतं, ते काढले, रॉकेलने धुतले, आणि ग्रीस भरून परत बसवताना कोणता कुठला याचा घोळ झाला. एकाचे आटे सुलटे होते, दुसऱ्याचे उलटे. त्यांनी मला विचारलं. मी पुस्तक काढलं. त्यात एक 'नियर साइड'चा होता आणि एक 'ऑफ साइड'चा. मी सांगितलं, "हा जवळच्या बाजूचा आणि तो लांबच्या."

"कोनाच्या जवळच्या?"

"चालवणाऱ्याच्या. दुसऱ्या कोणाच्या असणार?"

चालवणारा बसतो उजवीकडे. डोमाजी तुंबा हातात फिरवत राहिले. "आटे उलटे पडून राह्यलेवानी वाटते, भाऊ. पयले असे नव्हते." मी म्हटलं, "मिस्त्री, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय." हे वाक्य मी कोणत्या तोऱ्यात म्हटलं ते मला अजून आठवतं. त्यांनी मान हलवली आणि मी सांगितलं तसे तुंबे बसवले.

उजाडता उजाडता निघालो. जनाबाई नवं लुगडं नेसून खणात बसल्या आणि सरकत आत गेल्या. गाडीत तिसऱ्याला जागा नव्हती, म्हणून मी हत्यारांची पिशवी लावून मागे सायकलवर. सायकल पुढे जायची आणि मला वाटेत थांबावं लागायचं, इतकी ती शर्यतीची गाडी जोरात होती. दर फर्लांगाला डोमाजी विचारत, "दुखते का वो?" आणि जनाबाई म्हणत, "नाई जी."

अर्ध्या वाटेवर एका नाल्याचा उतार लागला. तिथं पुढचं डावं चाक गाडी सोडून सुटलं, आमच्या आधी नाल्यात उतरलं आणि वाळूत आडवं झालं. गाडी एका कुशीवर कलली आणि टेकली. मी सायकल फेकून धावलो. डोमाजींनी चाकाकडे पाहिलंच नाही. दोन्ही हातांनी त्यांनी जनाबाईंची पाठ धरून ठेवली होती. आठ वर्षं जपलेली पाठ होती ती. जनाबाई म्हणाल्या, "काई नाई झालं. गाडी बसली. मी तं बसलीच होती."

चाकाचं दोन कानांचं नट मागे धुळीत पडलं होतं. मी ते उचललं, धोतराने ग्रीस पुसलं. त्यावर इंग्रजीत कोरलेलं होतं: उजवी बाजू, आणि खाली 'ऑफ साइड'. गोऱ्यांच्या भाषेत रस्त्याच्या कडेजवळची बाजू ती नियर, म्हणजे डावी. मी उलटं वाचलं होतं. आटे चुकीच्या बाजूला पडले, म्हणून चाक फिरेल तसं नट सैल होत गेलं होतं. गाडी जर तिच्या जातीच्या वेगाने चालली असती तर त्या नाल्यात काय झालं असतं, याचा विचार मला आजही नको वाटतो.

मी त्यांना तिथंच सारं सांगितलं. रडलोही. मला वाटलं ते शिव्या घालतील, आणि घालायला हव्या होत्या. त्यांनी नट माझ्या हातातून घेऊन बोटाने आटे चाचपले. मग म्हणाले, "लिवलेलं खोटं नसते, भाऊ. वाचनारा घाईत असते." थोड्या वेळाने स्वतःशीच पुटपुटले, "अन् माह्या हातानं सांगतलं होतं, तं मी त्याचं आयकलं नाई." एवढंच. सीट बाहेर ओढून जनाबाईंना सावलीत घेतलं आणि आम्ही दोघांनी दोन्ही तुंब्यांची नटांसकट अदलाबदल केली.

दिवस मावळायच्या आत पोचलो. मंडईतली माणसं दंडारीचा खेळ सोडून गाडीभोवती जमली. म्हातारीला हाताला धरून आणलं. तिला गाडी दिसत नव्हती, लेकही धड दिसत नव्हती. तिने जनाबाईंच्या तोंडावरून, खांद्यावरून हात फिरवला, मग पाठीवर नेला आणि तिथंच ठेवला. डोमाजी बॉनेट उघडून उगाच आत पाहत उभे राहिले. माझ्याच्यानेही वर बघवेना.

आणखी तीन मंडया ते दोघं त्याच गाडीतून गेले. मग म्हातारी वारली. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या सुमारास माझी चांद्याला बदली झाली, आणि दोन वर्षांनी डोमाजी तापाने गेल्याचं कळलं. मी सर्व्हिस मोटारीने भेटायला गेलो. जनाबाई ओसरीवर त्याच खांबाला टेकून बसल्या होत्या. बोलता बोलता मी म्हणालो, "वहिनी, मिस्त्रींनी एक गोष्ट तरी मनासारखी केली. तुम्हाला न दुखवता आईकडे नेलं."

त्या गोठ्याकडे पाहत होत्या.

"दुखे, भाऊ," त्या म्हणाल्या. "पयल्या दिवसापासून दुखे. फाटक गेलं का कंबरेत कळ निंघे, ते थेट मायच्या घरापर्यंत."

मी म्हटलं, "मग सांगितलं का नाही त्यांना?"

"सांगतलं असतं तं ते पुन्हा गाडी खोलून बसले असते. मायची भेट राहून गेली असती." पदराने त्यांनी डोळे पुसले. "अन् खरं सांगू का? माह्यासाठी एवढं हळू आजवर कोनीच चाललं नव्हतं. दुखन्यापायी ते काऊन थांबवू?"