आमच्या क्वार्टरातली मिस्ट्री

सौंसरच्या त्या सरकारी क्वार्टरात भूत आहे म्हणून कोणी राहायला तयार नव्हतं. माझे सासरे झाले. तिथं काही नाही, मी राहून दाखवतो, असं ते भर ऑफिसात बोलून बसले होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरी भूत, नजर, बाहेरचं, हे शब्दसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसत. आता क्वार्टर सोडलं असतं तर बोललेलं सगळं त्याच ऑफिसात परत गिळावं लागलं असतं.

ऐंशी-एक्क्याऐंशीची गोष्ट. मी त्या घरातली नवी सून. इंग्रजी घेऊन बी.ए., आणि ते सांगायला कोणी विचारायची वाट न पाहणारी. माहेर पांढुर्ण्याचं. तिथं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या सावरगावशी दगडांनी लढाई होते, डोकी फुटतात. ती मी गच्चीवर बसून, शेंगदाणे खात पाहिलेली. एवढी शूर बाई, पण दुपारी रिकाम्या स्वयंपाकघरात कोणी पितळी गडवा, म्हणजे तांब्या, फरशीवर ठेवल्याचा आवाज आला की पलंगावर पाय वर घेऊन बसायची. जाऊन पाहावं तर गडवा जिथल्या तिथं. नवरा ड्यूटीवर, सासरे ऑफिसात.

सासऱ्यांना सांगायचं कसं? भुताला घरात बंदी. इंग्रजीला मात्र कुठंच बंदी नव्हती, उलट मान होता. म्हणून मी एके दिवशी म्हटलं, "मामाजी, स्वयंपाकघरात मिस्ट्री आहे."

त्यांनी चष्मा पुसला आणि अर्थ विचारला. ज्याचा उलगडा होत नाही ते, असं मी सांगितलं. कोणाला होत नाही, हा त्यांचा पुढचा प्रश्न. मग शब्द कुठून आला तेही पाहायला लावलं. माझ्या जाड डिक्शनरीत होतं, मूळ ग्रीक, अर्थ मिटणे. जुन्या ग्रीकांत काही गुप्त पूजा असत. आत जे पाहिलं ते बाहेर बोलायचं नाही, ओठ मिटून घ्यायचे. मी हे परीक्षा दिल्यासारखं उभं राहून वाचलं.

सासरे म्हणाले, "म्हणजे त्यायले माहीत होतं, फक्त सांगून नव्हते राहिले. मंग आपल्या स्वयंपाकघरात कोण सांगून नाही राहिलं, ते पाहू."

रविवारी दुपारी ते स्वयंपाकघरात पाट टाकून, हाताची घडी घालून बसले. नळ बंद केला, डबे हलवून पाहिले, उंदराचं बीळ शोधलं. मी दारात, पळायच्या बेतात. आणि आवाज आला. गडवा त्यांच्या गुडघ्याशीच होता, हलला नव्हता. त्यांनी तो उचलला, बूड पाहिलं, परत खाली ठेवला. तसाच आवाज झाला.

तेवढ्यात कुंपणापलीकडची शेजारीण हजर. आधी राहिलेले लोक कसे पळाले ते हिनंच आम्हाला पहिल्या दिवशी हौसेनं सांगितलं होतं.

"काय बाबूजी, ऐकू आलं का काही?"

सासरे नाही म्हणाले असते तर तिथंच मिटलं असतं. मला तर वाटत होतं त्यांनी तसंच म्हणावं. पण ते म्हणाले, "आवाज येते. कायचा येते, मले माहीत नाही. भूत नाही."

"मंग काय आहे?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या बी.ए.ची कोणाला गरज पडली ती ही पहिली वेळ.

"मिस्ट्री," मी म्हटलं.

तिनं थोडा विचार केला. "सरकारी आहे का?"

"इंग्रजी आहे," सासरे म्हणाले.

ते तिला पटलं. आठवडाभरात सगळ्या गल्लीला कळलं की बाबूजींच्या क्वार्टरात भूत नाही, मिस्ट्री आहे. ऑफिसात कोणी हसलं नाही. एका साहेबांनी आपल्याही बंगल्यात ती असेल का म्हणून चौकशी केली. सासरे रिटायर होईपर्यंत आम्ही तिथंच राहिलो. आवाजही राहिला.

शेजारीण मात्र एकदा परत आली. तिच्या घरचं जे काही होतं ते दर अमावस्येला नारळ घ्यायचं. तिनं हळूच विचारलं, तुमच्या मिस्ट्रीले काय लागते? लिंबू, नारळ, का कोंबडी?

"काहीच लागत नाही," सासऱ्यांनी सांगितलं.

ती हेव्यानं आमच्या क्वार्टराकडे पाहत उभी राहिली.