मैनाबाईंच्या गच्चीवरची डिश

दोरीची गाठ सुटली तेव्हा त्र्यंबकराव गच्चीवर होते आणि डिश कठड्यापासून हातभर खाली होती. क्षणभराने त्र्यंबकराव गच्चीवरच होते, डिश मात्र नव्हती. ती मुकाट्याने जमिनीवर पडली असती तर एवढं बिघडलं नसतं. ती आधी वाळूशेठच्या नव्याकोऱ्या मोटारसायकलच्या टाकीवर आदळली, तिथून उडाली, काठावर उभी राहिली आणि गल्लीतून गडगडत जाऊन खुद्द वाळूशेठच्या पायाशी आडवी झाली.

वाळूशेठ नुकतेच हेल्मेट काढत होते. एका हातात साडीचा खोका होता. त्यांनी आधी टाकीला पडलेला पोचा पाहिला, मग डिश पाहिली, मग मान वर केली. वर त्र्यंबकराव रिकामी दोरी हातात घेऊन उभे होते. ती त्यांनी पाठीमागे लपवली. खाली एवढी मोठी डिश पडलेली असताना दोरी लपवून काय साधणार होतं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"दाजी," वाळूशेठ अगदी शांतपणे म्हणाले, "हे काय आहे?"

गंगापूर रोडच्या मागच्या गल्ल्यांमध्ये केबल म्हणजे वाळूशेठ. ज्या घरावर डिश चढत होती ते त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं घर. धंदा सुरू केला तेव्हा त्यांनी खांबावरून पहिली वायर ओढली ती मैनाताईकडेच, आणि तीही भाऊबीजेच्या दिवशी. ओवाळणीच्या ताटात त्यांनी वायरचं टोक ठेवलं होतं. तेव्हापासून या घरी केबलचं बिल म्हणून आलं नाही. यायचा तो फॉल्ट. वाळूशेठ बहिणीवर रुसले की लाईनला फॉल्ट यायचा. एकदा मैनाबाईंनी भावजयीच्या आमटीत मीठ जास्त झाल्याचं सांगितलं, तर खेळाची सगळी चॅनल गेली होती. सासुरवाडीत वारं कुठल्या दिशेचं आहे हे त्र्यंबकरावांना फोनच्या आधी टीव्हीवर कळत असे.

या वेळचा फॉल्ट मात्र होळीपासून हटला नव्हता. कारण आमटी नव्हती, मळा होता. आनंदवल्लीच्या मागे मैनाबाईंच्या वडिलांचा फुलांचा मळा. वडील गेले, सातबाऱ्यावर भावाचं आणि बहिणीचं अशी दोघांची नावं लागली आणि पाठोपाठ एक बिल्डर आला. आता मैनाबाईंनी हक्कसोड लिहून द्यायची, एवढंच बाकी होतं. त्यात नवीन काही नव्हतं. त्या घरातल्या सगळ्या बहिणींनी तेच केलं होतं. बहीण सही करते, भाऊ साडी देतो, दोघं थोडं रडतात आणि माहेर उघडं राहतं. मैनाबाई फक्त "बघते" म्हणाल्या होत्या. त्याच संध्याकाळी टीव्ही काळा झाला. वाळूशेठ फोनवर म्हणाले, "फॉल्ट आहे ताई. रजिस्ट्रीचं काम झालं की माणूस पाठवतो."

मैनाबाई त्या मळ्यातच वाढलेल्या. वडिलांची कंबर धरली तेव्हा शाळा सोडून पहाटे शेवंती खुडणारी आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जाणारी पोर म्हणजे त्याच. त्या फुलांवर वाळू कॉलेजात गेला. लग्नानंतरही त्यांचा फुलांचा नाद सुटला नाही. घराच्या ओट्यावर बसून त्या हार करायच्या, आणि बोलायच्याही हार केल्यासारख्या: शब्द ओवला, गाठ मारली, दोरा तोडला, संपलं. त्या फोननंतर त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "अहो, डिश आणा. सरकारी, फुकटवाली. तिला कुणी रुसून बंद करत नाही."

त्र्यंबकरावांनी डिश आणली ती थेट नाशिक रोडहून, रिक्षात, चादरीत गुंडाळून. दुकानदार बसवायला माणूस देणार होता. पण गल्लीचं नाव ऐकलं आणि तो म्हणाला, "तिथं वाळूशेठची केबल ना? मग काका तुम्हीच बसवा. सोपं असतं."

तर आता ती सोपी गोष्ट गल्लीत उताणी पडली होती.

मैनाबाई बाहेर आल्या. बोटाला दोरा गुंडाळलेला तसाच होता. त्यांनी डिश उचलून काठावरून हात फिरवला.

"ये वाळू. चहा घेतो?"

"ताई, नंबर लागलाय रजिस्ट्रीत. बिल्डर तिथं येऊन बसलाय. तू तयार नाय झालीस अजून?"

"आधी हे वर जाऊ दे."

दोरी त्यांनी खाली मागवली आणि गाठ स्वतः मारली. मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही खाली टीव्हीपुढे बसा. चित्र आलं की हाक मारा." खोका ओट्यावर ठेवून वाळूशेठ बहिणीच्या मागे लोखंडी गोल जिना चढले. दर पायरीला जिना वाजत होता.

त्र्यंबकराव टीव्हीपुढे बसले. पडद्यावर एक निळा चौकोन होता आणि त्यात 'सिग्नल नाही' एवढं एकच वाक्य. गच्चीवरचं बोलणं जिन्याच्या पोकळीतून जसंच्या तसं खाली उतरत होतं.

"आलं का?" मैनाबाईंनी विचारलं.

"नाही."

"ताई, गल्ली काय म्हणेल? वाळूशेठच्या बहिणीनंच केबल सोडली म्हणतील. धंदा करायचा का नाय मी?"

"मी नाही सोडली. तू बंद केलीस."

"फॉल्ट होता गं."

"शेजारी चंद्रभागाबाईंकडे रोज मालिका चालते. वायर माझ्या गच्चीवरूनच जाते ना तिकडे?"

 वरून पान्याचा आवाज आला.

"आलं का?"

"नाही अजून," त्र्यंबकराव म्हणाले.

"हे बघ," वाळूशेठचा आवाज मऊ झाला, "आत्ता फोन करतो ऑफिसला. घरी पोचायच्या आत बॉक्स चालू. दाजींना सगळी मॅच दिसेल. तू फक्त चल."

त्र्यंबकराव ताठ बसले. आज रात्री मॅच होती. चल म्हणाली तर काय बिघडेल, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. आलं ते आलं, शिवाय एवढं स्पष्ट आलं की त्यांनी घाबरून जिन्याकडे पाहिलं, मैनाबाईंना ऐकू गेलं की काय म्हणून.

"विहिरीकडची पट्टी मला ठेव," मैनाबाई म्हणत होत्या. "बाकीच्यावर हवी तिथं सही करते."

"विहिरीकडूनच रस्ता आहे ताई. ती पट्टी काढली तर बिल्डर बाकीच्याला हात लावणार नाय."

"नको लावू दे."

"करणार काय तू तिचं?"

"शेवंती लावीन."

"या वयात?"

"वाकता येतंय अजून."

"ताई, आत्यानं सही दिली. मावशीनं दिली. आपल्यात कुठल्या बहिणीनं वाटा मागितला?" आवाज चढला होता. "माहेर तुटंल असं करू नको. मी साडी घेऊन आलोय."

"आत्या सही देऊन बसली, आणि नवरा गेल्यावर परत आली," मैनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज होता तेवढाच होता. "गोठ्याशेजारची खोली दिली आपण तिला. ताट मी नेऊन द्यायचे. तू लहान होतास. मी नव्हते."

 वरून पकडीचा आवाज आला. कट्.

पुढच्या क्षणी टीव्हीखालचा केबलचा बॉक्स चालू लागला. खिडकीशेजारच्या भोकातून आलेली काळी वायर कोणीतरी वरून ओढत होतं आणि बॉक्स तिच्यामागे टेबलावरून घसरत निघाला होता. त्र्यंबकरावांनी त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. वर वाळूशेठ, खाली त्र्यंबकराव, अशी थोडा वेळ ओढाताण झाली. शेवटी त्यांनीच चाचपडत पीन फिरवून वायर सोडवली. ती सळसळत भोकातून बाहेर गेली आणि भिंतीत एवढासा उजेड आला.

मग गच्चीवर धप्प असं काहीतरी झालं. वाळूशेठचा राग डिशवर निघाला, की हाताला सवय होती म्हणून तो तिथे गेला, देव जाणे. निळा चौकोन थरथरला आणि पडद्यावर एक स्वच्छ माणूस कांद्यावरच्या फुलकिड्यांबद्दल सांगू लागला.

त्र्यंबकरावांनी हाक मारली नाही. बॉक्स पोटाशी धरून ते तसेच बसून राहिले. हाक मारली असती तर वरचं काम संपलं असतं, आणि ते अजून संपू नये असं त्यांना वाटत होतं. पण जिना वाजायला लागला होता.

वाळूशेठ खाली आले. खांद्यावर वायरचं वेटोळं होतं. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मग त्र्यंबकरावांच्या हातातला बॉक्स काढून घेतला.

"नट घट्ट करून घ्या दाजी," ते म्हणाले. "वाऱ्यानं हलली की जाईल चित्र."

ओट्यावरचा साडीचा खोका त्यांनी उचलला, परत ठेवला, आणि परत उचलला. मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत त्र्यंबकराव दारात उभे होते.

मैनाबाई खाली आल्या, हात धुतले आणि अर्धा राहिलेला हार मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या. त्र्यंबकराव जवळ जाऊन बसले. थोडा वेळ फुलं निवडण्याचं सोंग केलं.

"अगं, तो आता या घरात पाऊल ठेवायचा नाही," ते म्हणाले. "भाऊबीजेलासुद्धा नाही. मग तुमची भावा-बहिणीची भेट व्हायची तरी कुठं?"

मैनाबाईंनी दोरा दातांनी तोडला.

"मळ्यात होईल."