बाबांचा इतवार
डिझेलचा वास आला की मला देवरीकडचा आमचा तलाव दिसतो. घरी तेव्हा रात्रीचं जेवण पेजेवर भागायचं, तरी बाबा रविवारची राइस मिलमधली दुप्पट मजुरीची हमाली सोडून तलावावर माशांसाठी गरी टाकून बसायचे. आई म्हणायची, "घरात तांदूळ नाही आन् पान्याकडं काऊन पाहून राहिले?" मग एकदा हायवेवर टँकर उलटला, डिझेल नाल्यातून तलावात उतरलं आणि मासे पोट वर करून तरंगले. भरपाई ठरवायला आलेल्या साहेबांनी मासेमारांनंतर बाबांना विचारलं, "तुम्ही किती विकता?" "इकत नाही जी, हौसेनं बसतो." "मग तुमचं काय नुकसान?" कोणीतरी म्हणालं, "याची झोपाची जागा गेली, साहेब," आणि सगळे हसले. बाबाही हसले, मग हळूच म्हणाले, "माहा इतवार गेला जी." साहेब पुढे निघून गेले. पुढच्या रविवारपासून बाबा मिलमध्ये पोती उचलायला जाऊ लागले. काही पावसाळ्यांनी तलाव निवळला, पण बाबांची गरी आढ्याला खोचलेलीच राहिली. आज अर्थशास्त्र शिकवताना मी मुलांना सांगतो, माणूस एखाद्या सुखासाठी जे सोडतो, ती त्या सुखाची किंमत. बाबांच्या त्या रविवारांच्या हमालीवर मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला.