बाकांमधली जागा

त्या रविवारी सुतारमिस्त्रींची छाती चांगलीच फुगली होती. का नाही फुगणार? चर्चमधले नवेकोरे बाक सगळे त्यांच्याच हातचे! आजवर मंडळी चटयांवर बसायची. फार पूर्वी इथली प्रार्थना परक्या भाषेत चालायची, कोणाला ओ की ठो कळत नसे. पुढे ती आपल्या भाषेत आली, भिंतींना रंग लागला आणि आता हे बाक. चटया मिस्त्रींनीच कापून बाकांच्या पायांखाली घातल्या, फरशीला चरे नकोत म्हणून.

"जास्तीत जास्त माणसं मावली पाहिजेत," फादर म्हणाले होते. मिस्त्रींनी बाकावर ऐसपैस बसून, गुडघ्यांपुढे वीतभर जागा सोडून माप घेतलं आणि एक जादा रांग बसवली. शाबासकीही मिळवली.

प्रार्थना सुरू झाली. शेजारी बसलेली त्यांची म्हातारी आई सवयीने गुडघे टेकायला गेली आणि पुढच्या बाकावर आपटली. तिने अंग चोरून पुन्हा पाहिलं. छे!

मिस्त्री ओशाळून कुजबुजले, "आई, बसूनच कर ना. लोक बघताहेत."

"बसून? बसून मी भाजी निवडते रे. तेव्हा शब्द कळायचे नाहीत, गुडघे टेकणं तेवढं कळायचं. आता या वयात दुसरं काय शिकू?"

ती धडपडत मधल्या वाटेवर गेली आणि तिने उघड्या फरशीवर गुडघे टेकले. तिच्यामागे एक आजोबा उतरले, मग दोघी बहिणी, मग सगळीच म्हातारी मंडळी. वाट भरून गेली.

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माप घेताना गुडघे टेकून बघावं, हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. स्वतः शेवटचे कधी टेकले होते, तेही आठवेना. आईशेजारी जावं म्हणून ते उठले, तर वाटेत पाय ठेवायला जागा नव्हती. बाकातच गुडघे टेकावेत, तर तिथे जागा त्यांनीच ठेवली नव्हती. ते तसेच अवघडून उभे राहिले.

प्रार्थना संपली. आई बाकाला धरून कशीबशी उठली. गुडघे चोळता चोळता तिने शेजारणीला बाकाची गुळगुळीत पाठ दाखवली.

"बघ गं, हात लावून बघ. माझ्या लेकानं केलेत."